विश्वस्त

दुसऱ्याच्या हितासाठी सोपविलेल्या मालमत्तेची जबाबदारी स्वीकारून तिची व्यवस्था पाहणारी व्यक्ती. मालमत्तेचा ताबा विश्वस्ताकडे असला, तरी तिचा लाभ हिताधिकाऱ्याचा असतो. विश्वस्ताची बहुतेक कर्तव्ये या भेदातून उद्‌भवतात.

खाजगी न्यासांना भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू आहे. त्यानुसार विश्वस्ताला न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही, तसेच न्यासलेखात तरतूद नसल्यास मोबदलाही मागता येत नाही. न्यासभंगामुळे झालेल्या हानीची भरपाई त्याला स्वतः करावी लागते. अशा न्यासाचे हिताधिकारी निश्चित असल्याने ते विश्वस्ताला जाब विचारू शकतात. सार्वजनिक न्यासाचा हिताधिकारी मात्र अनिश्चित जनसमूह असतो. दानपेटीत पैसे टाकणारा यात्रेकरू हिशेब तपासण्यास परत येत नाही. त्याच्या वतीने देखरेख करण्यासाठी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आता ‘महाराष्ट्र’ या नावाने) अन्वये धर्मादाय आयुक्ताचे पद निर्माण झाले.

या अधिनियमाप्रमाणे विश्वस्ताने सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल, तेवढ्याच काळजीने न्यासाचा कारभार केला पाहिजे. हिशेब ठेवणे, त्यांची लेखापरीक्षा करविणे आणि विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांत कळविणे बंधनकारक आहे. स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा बक्षीस, तसेच शेतजमिनीचा दहा वर्षांहून अधिक व अन्य स्थावराचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा यांना आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. न्यासासाठी कर्ज काढण्यावरही अधिनियमाचे नियंत्रण असते. कर्तव्यात सातत्याने हयगय किंवा अपहार करणाऱ्या विश्वस्तास पदावरून दूर करता येते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शिर्डी येथील संस्थानाच्या इतिहासात विश्वस्तपदाच्या बदलत्या स्वरूपाचे उदाहरण आढळते. साईबाबांच्या निधनानंतर (१९१८) अहमदनगर जिल्हा न्यायालयाने १९२२ मध्ये संस्थानाच्या व्यवस्थेची योजना मंजूर केली. देणग्या व व्याप वाढल्यावर २००४ च्या स्वतंत्र अधिनियमाने कारभार शासननियुक्त व्यवस्थापन समितीकडे गेला. शनि शिंगणापूर (ता. नेवासे) येथील देवस्थानासाठीही २०१८ मध्ये तसाच अधिनियम संमत झाला. मात्र शासनाने नेमणूक केली, एवढ्याने व्यवस्थापकांचे उत्तरदायित्व संपत नाही, तसेच नेमणुकीचा अधिकारही निरंकुश ठरत नाही : शिर्डीची समिती अधिनियमातील तरतुदींनुसार नेमलेली नसल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये ती रद्द ठरविली.