सॉफ्टवेअरचे वेगवेगळे आराखडे एकत्र ‘विणतात’ कसे?

समजा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीत धान खरेदी केंद्रासाठी ॲप बनवायचं आहे. कामं तीनच दिसतात: शेतकऱ्याची नोंदणी, धानाचं वजन आणि चुकारे. पण या तिन्हींमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. समोरचा माणूस कोण हे तपासणं, बँक खात्याचा नंबर लपवणं, कोणी काय केलं याची नोंद ठेवणं.

हे सगळं एकाच आराखड्यात कोंबलं, तर एक नियम बदलताना दहा जागा बदलाव्या लागतात. त्यातली एक जरी सुटली, तरी कुणाचे तरी चुकारे अडकतात.

मग उपाय काय?

प्रत्येक बाबीचा विचार वेगळा करा, असं डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. १९९७ मध्ये ग्रेगर किचालेस आणि झेरॉक्सच्या ‘पार्क’ प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी अशा सगळीकडे पसरणाऱ्या बाबींना ‘ॲस्पेक्ट’ म्हटलं. सुरुवात कोडपासून झाली. पुढे हीच कल्पना कोडच्या आधी काढल्या जाणाऱ्या आराखड्यांमध्ये, म्हणजे मॉडेलमध्ये आली.

साधन नेमकं काय करतं?

त्याला तीन गोष्टी द्यायच्या: मुख्य मॉडेल, वेगळी काढलेली बाब आणि जोडण्याचा नियम. उदाहरणार्थ, ‘जिथे पैसे जमा होतात, तिथे आधी ओळख तपास.’ साधन अशा सगळ्या जागा शोधून दोन्ही मॉडेल एकत्र विणतं. नियम बदलला, तर एकाच ठिकाणी दुरुस्ती करायची आणि पुन्हा विणायचं.

काही साधनं दोन मॉडेल जुळवतातही. एका टीमनं ‘शेतकरी’ लिहिलं आणि दुसरीनं ‘खातेदार’, तर दोन्ही एकच आहेत हे सांगून ती एकत्र करता येतात. यॉर्क विद्यापीठात सुरू झालेल्या ‘एप्सिलॉन’मध्ये यासाठी स्वतंत्र भाषाच आहे.

महाराष्ट्रात हे काम झालंय का?

हो. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टीसीएसच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रातल्या विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला. मॉडेलवरून कोड तयार करताना बाबी वेगळ्या कशा ठेवायच्या, हा त्यांचा प्रश्न होता.

मग सगळं आपोआप होतं?

नाही. क्रम माणसालाच ठरवावा लागतो. आधी नोंद आणि मग नंबर लपवणं असा क्रम लागला, तर शेतकऱ्याचा खाते नंबर नोंदवहीत उघडा पडतो. दोन्ही बाबी आपापल्या जागी बरोबर असतात. चूक त्यांच्या जोडणीत असते. म्हणून विणल्यानंतर तयार झालेलं मॉडेल पुन्हा तपासावंच लागतं.