खासगी वैमानिकाचा परवाना व वनप्रांतांतील तरुण

चंद्रपूरनजीक मोरवा येथें धावपट्टी आहे. ती पाहून चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुणांस वैमानिक होण्याची आकांक्षा वाटावी, हें स्वाभाविक व स्तुत्यहि आहे. परंतु आकांक्षेमागोमाग पैशाचा प्रश्न येतो. शेत गहाण टाकून मुलास विमानविद्या शिकवूं पाहणाऱ्या पालकानें त्या पैशांत नेमका कोणता अधिकार पदरांत पडतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

कायद्यानें वैमानिकांचे परवाने एकाच प्रकारचे ठेवलेले नाहींत. खासगी परवान्यास वयाचीं 17 वर्षें पूर्ण असावीं लागतात, दहावी उत्तीर्ण असावें लागतें व वैद्यकीय तपासणींत टिकावें लागतें. हवाई नियम, मार्गशोधन, हवामान व यंत्रज्ञान यांची परीक्षा होते, आणि किमान 40 तासांचें उड्डाण करावें लागतें. त्यांत एकट्यानें केलेलें व दूर पल्ल्याचें उड्डाणहि आलें.

एवढ्या श्रमानें मिळतें काय? परवान्यांत नमूद असलेल्या प्रकारचें विमान चालवावें, आप्तेष्टांस सोबत न्यावें. मात्र वेतन किंवा भाडें म्हणून एक रुपयाहि घेतां येत नाहीं. रात्रीच्या उड्डाणास निराळी पात्रता लागते. पोटासाठीं उडावयाचें तर व्यावसायिक परवाना हवा. त्यास वय 18 व उड्डाण 200 तास लागतें. पहिला परवाना ही पायरी आहे, घर नव्हे. पहिल्या पायरीवर पैसा संपला, तर कर्ज उरतें आणि मिळकत उरत नाहीं.

1929 सालीं जे. आर. डी. टाटा यांनीं हिंदुस्थानांतील पहिला वैमानिक परवाना मिळविला, तेव्हां त्यांच्या पाठीशीं संपन्न घराणें होतें. पर्लकोटेच्या पुरानें ज्याचा भामरागड पावसाळ्यांत जगापासून तुटतो, त्या मुलाच्या पाठीशीं कोण आहे?

आमचें उत्तर स्पष्ट आहे: समाजानें उभें राहिलें पाहिजे. येथील व्यापाऱ्यांनीं व नगरसंस्थांनीं दहा मुलांस अर्ध्या वाटेवर सोडणारी मदत देण्यापेक्षां दोघांस 200 तासांपर्यंत पोंचविणारी शिष्यवृत्ति द्यावी. आणि पालकांनीं पैसे भरण्यापूर्वीं एकच प्रश्न लेखी विचारावा: हा परवाना खासगी कीं व्यावसायिक? त्या एका शब्दावर घराचें भवितव्य अवलंबून आहे.