कृत्रिम भूशिर : किनारा संरक्षण आणि निसर्गसंवर्धन

प्रस्तावना :
मनमाडजवळील हडबीची शेंडी हा बेसाल्टचा सुळका भोवतालचा भाग झिजल्यानंतरही उभा राहिला आहे. भेदात्मक झिजेचा हाच नियम कोकणात भूशिरे व त्यांच्यामधील पुळणी निर्माण करतो. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या कालखंडाच्या अभ्यासानुसार भारताचा ३३.६ टक्के किनारा धूपग्रस्त आहे. या पार्श्वभूमीवर कृत्रिम भूशिराची संकल्पना विचारात घेणे उचित ठरते.

संकल्पना :
लाटांचे वक्रीभवन होऊन त्यांची ऊर्जा भूशिरावर एकवटते व लगतच्या उपसागरात विखुरते. तेथे वाळू स्थिरावते. कृत्रिम भूशिर याच क्रियेचे अनुकरण करते. तथापि दगडी बांधकाम किनाऱ्यालगतचे वाळूचे वहन अडविते आणि पुढील किनारा वाळूविना झिजू लागतो. पुदुच्चेरी येथे १९८०च्या दशकात बंदराचे बंधारे उभारल्यावर उत्तरेकडील पुळण अशीच नष्ट झाली.

वाळूचे भूशिर :
नेदरलँड्सने २०११ मध्ये डेल्फलंड किनाऱ्यावर सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकून आकड्याच्या आकाराचे भूशिर रचले. ते स्थिर राहावे अशी अपेक्षाच नव्हती. वारा व लाटांनी ही वाळू किनाऱ्यावर पसरवावी, नव्या वालुकागिरी, वनस्पती व पक्षी यांना आश्रय मिळावा, हा त्यामागील हेतू होता. येथे झीज हीच संरक्षणाची पद्धती ठरते.

कोकणातील उपयोजन :
रत्नागिरीजवळील मिऱ्या येथील वस्तीला पावसाळी उधाणाचा धोका सातत्याने जाणवतो. आशियाई विकास बँकेच्या २०१० मधील किनारा संरक्षण कार्यक्रमात या उपसागराचा समावेश होता. पुढे तेथे दगड व टेट्रापॉडच्या बंधाऱ्याचा मार्ग स्वीकारला गेला. बंधारा घरे वाचवितो, हे मान्य करावयास हवे. परंतु परावर्तित लाटा त्याच्या पायथ्याची वाळू खरवडतात. याच जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले, गुहागर येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्यांना भिंत नव्हे, पुळण हवी असते.

निष्कर्ष :
डच प्रयोगाचे जसेच्या तसे अनुकरण कोकणात शक्य नाही. येथील पुळणी लहान, वाळूचा साठा मर्यादित आणि नैऋत्य मोसमी लाटा प्रबळ आहेत. बंदरातून उपसलेली वाळू योग्य कणाकाराची व प्रदूषणमुक्त असल्यास वापरता येईल. परंतु त्यापूर्वी प्रत्येक उपसागरातील वाळूच्या आवक-जावकीचा हिशेब मांडणे अनिवार्य आहे. कोठे भिंत अटळ आहे आणि कोठे पुळण राखता येईल, याचा निर्णय त्या हिशेबावरच आधारलेला असावा.