स्पार्क प्लग घरी बदलताना: सगळा खेळ आट्यांचा

मागच्या भागात एअर फिल्टर झाला, आज स्पार्क प्लग. आधीच सांगतो, डिझेल गाडीवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. त्यात कधी कधी ग्लो प्लग असतो, पण त्याचं काम वेगळं.

प्लग झिजतो का? एक साधा हिशेब करू. इंजिन मिनिटाला 2000 फेरे फिरत असेल, तर प्रत्येक प्लगला मिनिटाला 1000 ठिणग्या टाकाव्या लागतात. शहरात सरासरी ताशी 30 किलोमीटर वेग धरला, तर 30,000 किलोमीटरला 1000 तास होतात. म्हणजे सहा कोटी ठिणग्या! प्रत्येक ठिणगी टोकाचा धातू कणभर खाते, मधली फट वाढते आणि मग थंडीत गाडी सुरू व्हायला कुरकुरते, चढावर धक्के देते. साधे निकेलचे प्लग म्हणून 30-40 हजारांना बदलतात. इरिडियमचे बहुतेकदा लाखाच्या आसपास जातात. दिल्ली, अहमदाबाद, पुण्यात ज्यांच्या गाड्या सीएनजीवर आहेत त्यांनी थोडं आधीच बघावं, कारण त्या वायूत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं.

प्लग घेताना गाडीच्या मॅन्युअलमधला नंबर जसाच्या तसा घ्या. ‘हाच बसतो हो साहेब’ एवढ्यावर घेऊ नका. नंबरातला उष्णतेचा आकडा एनजीके आणि बॉश या दोन कंपन्यांत उलटा चालतो. एकीकडे मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, दुसरीकडे गरम.

आता मुद्द्याचं. प्लग काढणं सोपं आहे, जीव मुठीत धरायचा तो बसवताना. प्लगचे आटे पोलादाचे आणि तो ज्यात बसतो ते सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं. तिरका बसला तर हार मऊ धातूचीच होते. प्लग काही शे रुपयांचा, पण हेडचे आटे गेले की दुरुस्तीचं बिल हजारांत जातं.

म्हणून इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. चावी बंद. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर एक कॉइल असते. तिच्या कनेक्टरची खिटी दाबून तो सोडवा, वायर धरून ओढू नका. जुन्या गाडीत ही प्लॅस्टिकची खिटी कडक होऊन पटकन तुटते. मग बोल्ट काढून कॉइल हलकेच फिरवत वर घ्या.

आता थांबा! प्लग ज्या खोल भोकात आहे तिथे आपल्याकडची धूळ साचलेली असते, कधी एखादं वाळकं पानही. प्लग निघाला की ते सगळं थेट सिलिंडरमध्ये. चाकात हवा भरायच्या पंपाने भोक आधी फुंकून घ्या. तिथे तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय, ते काम वेगळं काढा.

प्लगचा पाना आत रबर किंवा चुंबक असलेला घ्या, म्हणजे प्लग मध्येच निसटत नाही. एका वेळी एकच प्लग बदला आणि जुने क्रमाने मांडून ठेवा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तब्येत ठणठणीत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, किंवा गाडी फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच फिरतेय. तेलकट, ओला प्लग निघाला तर मात्र मेकॅनिकला दाखवा.

नवा प्लग बसवायला माझा आवडता जुगाड म्हणजे वीतभर रबरी नळी. प्लगचं वरचं टोक नळीत खोचा, आत सोडा आणि नळी बोटांनी फिरवा. आधी किंचित उलटं. आटा जुळला की बारीकसं ‘टक्’ जाणवतं, मग सुलटं फिरवा. प्लग तिरका शिरत असेल तर नळी घसरते, जोर लागतच नाही. तिची खरी किंमत हीच. पान्याला ही शरम नसते, तो तिरकाही आवळतो. घसरली तर प्लग बाहेर काढून पुन्हा सुरुवात करा.

प्लग हाताने शेवटपर्यंत गेला की मगच टॉर्क रेंच. आकडा मॅन्युअलमधला. साधारण कल्पना म्हणून, 14 मिलिमीटर आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला 25 ते 30 न्यूटन-मीटर, 12 मिलिमीटरला 15 ते 20. रेंच नसेल तर 14 मिलिमीटरचा नवा प्लग बोटांनी टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, बास. त्याहून बारीक आट्यांच्या प्लगला अंदाजाने हात लावू नका, रेंच मागून आणा. आट्यांना ग्रीसही नको. त्याने त्याच आकड्याला प्लग जास्त आवळला जातो.

फटीचं म्हणाल तर इरिडियमचं टोक फार नाजूक असतं, ते कारखान्यातून जसं येतं तसंच राहू द्या. फरशीवर आपटलेला प्लग वापरू नका. आतली चिनी माती तडकली तरी बाहेरून दिसत नाही.

कॉइल परत दाबून बसवा, बोल्ट लावा, कनेक्टर ‘खट्’ वाजेपर्यंत ढकला. गाडी सुरू करा. थरथरली किंवा इंजिनचा दिवा लागला तर घाबरू नका, लगेच बंद करून कनेक्टर तपासा. बहुतेक वेळा एखादा अर्धवट बसलेला असतो. सगळे नीट असूनही थरथर राहिली, तर दोन सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून स्कॅनरवर बघा. बिघाडाचा सिलिंडर नंबरही बदलला, तर प्लग ठीक आहेत, कॉइल गेली आहे.