मण्यारचे चेताविष

मण्यार (शास्त्रीय नाव: बंगारस सेरुलियस) या सापाच्या विषातील प्रथिने चेतातंतू व स्नायू यांमधील संदेशवहन बंद पाडतात. नाग, घोणस, फुरसे व मण्यार या महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी सापांपैकी मण्यारचा दंश बहुधा वेदनारहित असतो आणि त्यामुळेच तो अधिक फसवा ठरतो.

दंशाची परिस्थिती

मण्यार निशाचर असून जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीस अंथरुणातच दंश करतो. हवेली तालुक्यातील लोणी काळभोरसारख्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या गावांत शेतमजूर व ऊसतोड कामगार यांना हा धोका विशेष असतो. दातांच्या खुणा अनेकदा दिसतही नाहीत. पहाटे पोटदुखी व उलटी सुरू झाल्यास ती अपचनाची समजली जाते. पुढे पापण्या मिटू लागतात, गिळणे व बोलणे अवघड होते आणि अखेर श्वसनाचे स्नायू थकतात.

विषाचे कार्य

चेतातंतूच्या टोकातून स्रवणारे ॲसिटिलकोलीन स्नायूवरील ग्राहींना चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. विषातील अल्फा प्रकारची प्रथिने हे ग्राही अडवतात. बीटा-बंगारोटॉक्सिन मात्र थेट तंतूच्या टोकावर आघात करते: त्यातील फॉस्फोलायपेज हे विकर पटलातील मेदद्रव्यांचे विघटन करते, रसायनाचा साठा संपतो व टोक निकामी होते. तैवानमधील मण्यारच्या दुसऱ्या जातीपासून १९६३ मध्ये वेगळ्या केलेल्या अल्फा-बंगारोटॉक्सिनमुळेच पुढे या ग्राहींचा अभ्यास शक्य झाला.

वेदनेशी संबंध

घोणसच्या विषाने ऊतींचा नाश होऊन तीव्र वेदना व सूज येते. मण्यारच्या दंशाजागी असा नाश जवळजवळ होत नाही. काही सर्पविषे तर वेदना शमवतात. आफ्रिकेतील ब्लॅक माम्बाच्या विषातील माम्बाल्जिन या प्रथिनांचा उंदरांवरील असा परिणाम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

उपचार

मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेच्या परंपरेतून तयार होणारे बहुसंयोजी प्रतिविष वरील चारही सापांच्या विषांवर दिले जाते. ते रक्तातील विष निष्प्रभ करते, परंतु नष्ट झालेले तंतूचे टोक परत आणू शकत नाही. नागदंशात उपयोगी पडणारे निओस्टिग्मिनही येथे फारसे लागू पडत नाही. तंतूची टोके पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे काही दिवस ते काही आठवडे, कृत्रिम श्वसन द्यावे लागते. या काळात बाहुल्या विस्फारलेल्या व प्रतिसादहीन असल्याने रुग्ण मेंदूमृत भासतो. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो व पूर्ण बरा होऊ शकतो.