तरवडाची साल आणि आपला हिरडा

गोंडपिपरीहून वर्धा नदी ओलांडून तेलंगणात गेले की बतुकम्माच्या सणात घरोघरी एक पिवळे फूल रचलेले दिसते. तेलुगूत त्याला तंगेडू म्हणतात. 2014 साली तेलंगणाने त्याला राज्यफुलाचा मान दिला. मराठीत हेच तरवड. घनदाट जंगलापेक्षा मोकळा, कोरडा माळ त्याला मानवतो. तामिळनाडूच्या व श्रीलंकेच्या कोरड्या किनारपट्टीवरही ते भरपूर उगवते. चामड्याच्या धंद्यातील बंधूंनी मात्र फुलापेक्षा त्याच्या सालीकडे पाहावे.

तरवडाच्या सालीत शेकडा सुमारे 18 भाग टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य असते. चुन्यात टाकून केस काढलेले कातडे सालीच्या पाण्यात ठेवतात. आधी सौम्य, मग कडक. टॅनिन कातड्यात मुरून बसते, म्हणून ते पुढे सडत नाही. यालाच कातडे कमावणे म्हणतात. मद्रासकडचे कमावलेले कातडे याच सालीच्या जोरावर विलायतेला जात असे. पुढे आफ्रिकेतून वॅटलची साल आली, त्यानंतर क्रोमचा जमाना आला आणि तरवड मागे पडला.

या सालीत एक खोट आहे. नुसत्या तरवडावर कमावलेले फिकट पिवळे चामडे उन्हात लालसर पडते. त्यावर जुन्या कारागिरांचा इलाज म्हणजे शेवटी हिरड्याच्या पाण्याचा हात. हिरडा तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला माल! मी कापडाचा व्यापारी. सुती कापडाला आधी हिरडा दिला तर तुरटी आणि रंग पक्के धरतात, हे रंगाऱ्यांकडून शिकलो. तुरट द्रव्याचा गुण दोन्हीकडे कामाला येतो.

आज याचा उपयोग काय? युरोपात मे 2015 पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात घातक क्रोमियमची मर्यादा किलोला 3 मिलिग्रॅम आहे. क्रोम कमावणीत चूक झाली तर माल नापास होतो. सालीवर कमावलेल्या चामड्याला ही भीती नाही. मात्र वेळ जास्त लागतो, म्हणून त्याचा भाव क्रोमच्या भावाशी लावून हिशेब करू नये. चप्पल, पट्टा, पाकीट अशा मालाचे गिऱ्हाईक आधी पाहावे, मगच साल भरावी.

खरेदी करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, छाटलेल्या फांद्यांची साल घ्या; बुंध्याला पुन्हा फूट येते. उभे खोड सभोवार सोलले तर झाड वाळते आणि पुढल्या वर्षीचा माल बुडतो. दुसरी, 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला आहे. त्यांच्याकडून किंवा ग्रामसभेकडून रीतसर घ्या, कागद जवळ ठेवा. तिसरी, तरवडाचे पान सनाच्या, म्हणजे सोनामुखीच्या पानात मिसळले जाते. दिसायला जवळचे, पण सनाचा रेचक गुण त्यात नाही. एका दलालाने मलाही असा नमुना दाखवला होता, स्वस्त म्हणून. मी तो परत केला. दवा म्हणून घेणारा माणूस आजारी असतो. त्याच्याशी दगा करून मिळालेला नफा टिकत नाही.

तरवड तरवड म्हणूनच विका. सालीला स्वतःची किंमत आहे.