मिगचं ओझर

नाशिकहून पिंपळगाव बसवंतकडे निघालेल्या एसटीत कंडक्टर दोन वेगळ्या थांब्यांची तिकिटं फाडतो. एक ओझरचं, दुसरं मिगचं. निफाड तालुक्याबाहेरच्या माणसाला ओझर म्हटलं की जुन्नरचा विघ्नहर आठवतो, म्हणून पत्त्यावर ‘ओझर (मिग)’ असं लिहायची इथे सवयच पडली आहे. पुढे पुढे कंसाने मूळ शब्दावर मात केली. “कुठे असतो?” “मिगला.” “कशात आहे?” “मिगमध्ये.” एवढ्यावर परिसरातल्या कुणालाही सगळं कळतं.

मिग हा मराठी शब्द नाही, हे सांगायला नकोच. तो धड रशियनही नाही, हे मात्र सांगायला हवं. मिकोयान आणि गुरेविच या दोन आडनावांच्या आद्याक्षरांतून तो बनला. आर्तेम मिकोयान आर्मेनियातल्या सानाहिन नावाच्या डोंगरी खेड्यातल्या सुताराचा मुलगा. मिखाईल गुरेविच कुर्स्क परिसरात जन्मलेला ज्यू. म्हणजे सोव्हिएत सामर्थ्याचं प्रतीक म्हणून जगभर मिरवलेल्या लढाऊ विमानाच्या नावात एकही रशियन माणूस नाही. आर्तेमचा थोरला भाऊ अनास्तास तर सोव्हिएत राजकारणातला बडा नेता होता, आणि तो भारतातही येऊन गेला. अनेक वंश, भाषा आणि धर्म एका लाल झेंड्याखाली बांधू पाहणारं ते राष्ट्र १९९१च्या डिसेंबरात विसर्जित झालं. निफाड तालुक्यातल्या एका बस थांब्यावर त्याचा एक तुकडा राहून गेला.

हा तुकडा इथे आला कसा, याची सुरुवात १९६२ सालात आहे. त्या वर्षी मिग-२१ विमानं भारतातच बांधण्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. काही महिन्यांतच चीनचं युद्ध झालं, मेनन गेले आणि त्यांच्या जागी सह्याद्रीतून यशवंतराव चव्हाण दिल्लीत पोहोचले. ते लोकसभेत गेले ते १९६३च्या पोटनिवडणुकीत, नाशिकमधून, तेही बिनविरोध. मिगचा कारखाना नाशिकच्या वाट्याला आला त्यात चव्हाणांचा हात होता, असं जिल्ह्यातली जुनी माणसं आजही ठामपणे सांगतात. नाशिकने खासदार केलं, खासदाराने कारखाना दिला, असा तो सरळ हिशोब. दिल्लीतल्या फायली इतक्या सरळ चालत नसतात. पण लोकांच्या स्मरणाला फायली लागतात कुठे?

१९६४मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड म्हणजे ‘एचएएल’ आकाराला आली आणि मिगचं काम तीन राज्यांत वाटलं गेलं. विमानाचा सांगाडा आणि जोडणी ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. ही वाटणी पाहिली की मॉस्कोची आठवण होते. सोव्हिएत नियोजनकारही एकेका वस्तूचे भाग वेगवेगळ्या प्रजासत्ताकांत करून घेत. मिग-२१ स्वतः गॉर्की आणि मॉस्कोत बनायचं, तर त्याची दोन आसनी प्रशिक्षण विमानं जॉर्जियाच्या तिबिलिसीतही बनत. यामागे आर्थिक हिशोब होता तसा राजकीयही होता. ज्यांना एकमेकांशिवाय विमान पूर्ण करता येत नाही, त्यांनी वेगळं होण्याचा विचार करू नये. आपल्याकडेही कोरापुटच्या डोंगरात आणि बाणगंगेच्या काठी कारखाने उभारताना ‘राष्ट्रबांधणी’ हाच शब्द तोंडी होता.

बाणगंगेकाठचं ओझर तोवर शेतीचं, बाजाराचं गाव होतं. चंपाषष्ठीला खंडेरावाची यात्रा भरायची, बारागाड्या ओढल्या जायच्या. ते आजही होतं. त्याच्या शेजारी मुंबई-आग्रा महामार्गाला लागून सरळ रेषांची वसाहत उभी राहिली. एकसारखी क्वार्टर्स, सुटीचे ठरलेले दिवस, पाळीचा भोंगा, स्वतःची शाळा, स्वतःचा दवाखाना, स्वतःची मैदानं. पोस्टाचा पत्ताही निराळा झाला: ओझर टाऊनशिप. मल्याळी, उडिया, तेलुगू, बंगाली, पंजाबी कुटुंबं इथे आली. पुढे हवाई दलाचा अकरा नंबरचा दुरुस्ती डेपो शेजारी आला, तेव्हा त्यांत आणखी भर पडली. वसाहतीत वाढलेल्या मुलांची मराठी अजूनही ओळखू येते. शुद्ध असते, पण निफाडच्या बोलीचा ठसका तिला नसतो.

आणि अर्थातच ‘रशियन’ आले. आराखडे रशियनमध्ये, सूचना रशियनमध्ये, तेव्हा दुभाषे आणि तज्ज्ञ लागणारच. इथले तंत्रज्ञही शिकायला तिकडे गेले. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली उतरतो, क्वचित दोन अंशांच्याही आत जातो. शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. सैबेरिया पाहिलेल्या पाहुण्यांना या थंडीचं काय वाटत असेल, कोण जाणे.

गंमत अशी की गावाच्या दृष्टीने ते सगळे रशियनच. त्यांत कुणी युक्रेनी असेल, आर्मेनियन असेल, तातार असेल. विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. त्याच गावाच्या दृष्टीने टाऊनशिपमधला मल्याळी, तमिळ आणि तेलुगू माणूस सरसकट ‘मद्रासी’ होता. दुरून पाहिलं की कुठलंही बहुभाषिक राष्ट्र एकरंगी दिसतं. तेव्हा दिल्लीलाही सोव्हिएत संघ तसाच दिसत होता. मॉस्कोशी बोललं की सगळ्यांशी बोललं.

सत्तरच्या दशकात या दोस्तीचा रंग गडद होता. ऑगस्ट १९७१मध्ये भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला आणि डिसेंबरात मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. मराठी घरांत रशिया पोहोचला तो मात्र पुस्तकांतून. अण्णा भाऊ साठे १९६१मध्ये तिकडे जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. पुढे मॉस्कोत छापलेली गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहामार्फत तालुक्याच्या गावांपर्यंत येऊ लागली, इतक्या स्वस्तात की मास्तरही विकत घेऊ शकत. त्या पुस्तकांच्या आठवणींवर पुढे ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ नावाचा माहितीपटही निघाला. त्या चित्रांतली शेतं अफाट होती, ट्रॅक्टर नवे होते आणि शेतकरी कायम हसतमुख होते.

चित्राबाहेरच्या शेतकऱ्याचं काय, हा प्रश्न याच मुंबई-आग्रा महामार्गावर विचारला गेला. १९८०मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं कांदा आणि उसाच्या भावाचं आंदोलन नाशिक जिल्ह्यात पेटलं. पिंपळगावचे माधवराव खंडेराव मोरे, निफाडचे प्रल्हाद पाटील कराड ही तेव्हाची पुढची फळी. नोव्हेंबरात रस्ते आणि रेल्वे अडल्या. खेरवाडीला रुळांवर बसलेल्यांवर गोळीबार झाला आणि दोन शेतकरी गेले. खेरवाडी याच तालुक्यातलं. जोशींची मांडणी नुसती भावाची नव्हती. शेतमाल मुद्दाम स्वस्त ठेवायचा आणि त्यातून उरलेल्या पैशावर अवजड उद्योग उभारायचे, ही कल्पना क्रांतीनंतरच्या रशियात कशी मांडली गेली आणि तिथल्या शेतकऱ्याने तिची काय किंमत मोजली, हे ते सांगत. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ अशी फाळणी त्यांनी केली, तेव्हा निफाडच्या माणसाला उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. कुंपणाच्या आत पगार, महागाई भत्ता, दवाखाना; कुंपणाबाहेर लासलगावच्या लिलावात मातीमोल गेलेला कांदा.

हे चित्र मलाही पूर्ण खरं वाटत नाही. कारण कुंपणाला फटी होत्या. ओझरची, सुकेण्याची, चांदोरीची पोरं आयटीआय करून आत गेली. ‘मिगमध्ये परमनंट’ हे लग्नाच्या बैठकीत वीस एकर बागायतीच्या तोडीचं वजन होतं. त्या पगारातून आलेल्या पैशाने पहिल्या द्राक्षबागांचे मांडव उभे राहिलेली घरं तालुक्यात पुष्कळ आहेत. पिळवणुकीच्या सिद्धांतात ही घरं बसत नाहीत, आणि सिद्धांत तरी सगळा खोटा ठरत नाही.

ओझरमध्ये समाजवादाचा आणखी एक नमुना आहे, आणि मला तो कारखान्याहून मोलाचा वाटतो. बापूसाहेब उपाध्ये हे समाजवादी चळवळीतले कार्यकर्ते. भरत कावळे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी इथे समाज परिवर्तन केंद्र चालवलं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे ओझरला, कागदावरच पोहोचत होतं. १९९०-९१च्या सुमारास शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था झाल्या: महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. सरकारकडून पाणी मोजून घ्यायचं, आपसात वाटायचं, पट्टी आपणच वसूल करायची आणि चारी आपणच दुरुस्त करायची. बंधाऱ्यांत पाणी जिरवून विहिरींना आलेलं पाणीही हिशोबात धरायचं. पुढे वाघाड प्रकल्पावर अशा चोवीस संस्था झाल्या आणि सगळ्या प्रकल्पाचा कारभार त्यांच्या महासंघाकडे आला. राज्याने २००५मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला, तेव्हा दाखवायला ओझर होतं.

तारखांकडे पाहा. मॉस्कोत वरून खाली येणारी योजना कोसळत होती, नेमक्या त्याच महिन्यांत ओझरचे शेतकरी कालव्याच्या टेलच्या माणसाला आधी पाणी द्यायचं की हेडच्या, यावर सभा घेत होते. सोव्हिएत म्हणजे मुळात लोकांनी बनवलेली पंचायत. मॉस्कोत त्या शब्दातली पंचायत फार लवकर संपली होती. फक्त नाव उरलं होतं.

सहकाराचं सगळंच इथे गोड आहे असं नाही. भाऊसाहेबनगरचा निफाड सहकारी साखर कारखाना कर्जात बुडाला, वर्षानुवर्षं बंद राहिला. मालक म्हणून हजारो सभासद, आणि गंज चढताना जबाबदार कुणीच नाही. सामुदायिक मालकीचा हा रोग व्होल्गाकाठी जसा होता तसाच कादवाकाठीही.

१९९१मध्ये पंधरा देश झाले आणि ज्यांना आपण ‘रशियन’ म्हणत होतो, त्यांची खरी नावं भारताला सुट्या भागांच्या टंचाईतून कळली. काल एकाच मंत्रालयाला पत्र पाठवून येणारी वस्तू आता कुठल्या देशातल्या कारखान्याची, हे आधी शोधावं लागे. त्या कारखान्याला रुपये नको असत, डॉलर हवे असत. रुपया-रूबल व्यवहाराची सोय संपली. जुन्या कर्जाचा हिशोब १९९३मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा मिटवावा लागला. तिबिलिसी परदेशात गेलं, कीव परदेशात गेलं. २०१४नंतर कीव आणि मॉस्को एकमेकांचे शत्रू झाले आणि दोघांच्याही यंत्रांवर उडणाऱ्या भारतीय हवाई दलाची आणखी पंचाईत झाली. मिकोयानचं आर्मेनिया तर शेजारच्या अझरबैजानशी लढून थकलं. राष्ट्रांना एकत्र बांधून ठेवतील म्हणून वाटलेल्या सुट्या भागांनी कुणालाच बांधून ठेवलं नाही.

ओझरचं काम थांबलं नाही. मिग-२१ची साडेसहाशेच्यावर विमानं भारतात बांधली गेली. त्यानंतर मिग-२७ची दीडशेहून अधिक, आणि २००४पासून सुखोई-३० एमकेआय. मिग-२१ला वर्तमानपत्रांनी ‘उडती शवपेटी’ म्हटलं, तो शब्द टाऊनशिपमध्ये कुणी सहसा उच्चारत नाही. अपघात शेकडो झाले, वैमानिकही गेले, हे खरंच. पण साठ वर्षं वापरलेल्या, आयुष्य पुन्हा पुन्हा वाढवलेल्या यंत्राला एकच नाव ठेवून मोकळं होणं सोपं असतं.

तालुक्याने अपघात स्वतःच्या रानातही पाहिले. २७ जून २०१८ला चाचणीसाठी उडालेलं सुखोई वावी ठुशीच्या द्राक्षबागेत कोसळलं. ४ जून २०२४ला दुसरं शिरसगावच्या शिवारात. दोन्ही वेळा वैमानिक वाचले. बागेच्या तारा, अँगल आणि वेलींमध्ये विखुरलेले विमानाचे तुकडे असा फोटो जगात दुसरीकडे कुठे निघाला असेल असं वाटत नाही. निफाडला घरावरून विमान गेलं तर कुणी वर पाहत नाही. आवाज बदलला तर मात्र पाहतात.

सध्या धावपट्टीवर गर्दी वाढली आहे. २०१४मध्ये प्रवासी टर्मिनल सुरू झालं. विमानतळाची हद्द शेजारच्या दिंडोरी तालुक्यातल्या जानोरीलाही लागते, त्यामुळे विमानतळ कुणाचा यावर दोन्ही तालुक्यांत खेळीमेळीचा वाद आहे. ओझरला नगरपरिषद झाली आहे. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये मिग-२१ने हवाई दलाचा निरोप घेतला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए संरक्षणमंत्र्यांसमोर उडालं. त्या दिवसांत खाली द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीचा हंगाम होता. आराखडा भारतीय, इंजिन अमेरिकन, आणि ते इंजिन वेळेवर येत नाही ही आता जाहीर तक्रार आहे. तेजसच्या कामावर नव्याने लागलेल्या पोरांच्या घरी जाऊन विचारलं, मुलगा कशात आहे, तर उत्तर मिळतं, “मिगमध्ये.”